शनिवार पाळणारी घरं

नागपूरकराचा शनिवार तेलंगखेडीच्या मारुतीला तेल वाहण्याचा. कोकणात मात्र अलिबाग-पेणच्या पट्ट्यात शनिवारी घाणा बंद ठेवणारे तेली होते. गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ असं नावच पाडलं. बोली मराठी, आडनावं किहीमकर, पेणकर, रोहेकर, दिवेकर आणि धर्म ज्यू. हे बेने इस्रायल.

पूर्वजांचं जहाज नौगावजवळ फुटलं, सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या, अशी त्यांची परंपरा. पोथ्याही बुडाल्या. पुढे पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे ना रब्बी म्हणजे धर्मगुरू, ना सिनेगॉग म्हणजे प्रार्थनामंदिर. उरला तो शनिवार, आठव्या दिवशीची सुंता, खाण्याचे नियम आणि ‘शेमा’ ही प्रार्थना. डेव्हिड राहबी नावाच्या ज्यू पाहुण्याला त्यांची ओळख पटली म्हणतात ती स्वयंपाकघरात: बायकांनी खवले आणि पर नसलेली, म्हणजे ज्यूंना वर्ज्य असलेली मासळी बाजूला सारली तेव्हा. समुद्रकाठी राहून कोळंबी-कुर्ल्यांकडे पाठ फिरवायची, ही काही लहान तपश्चर्या नव्हे!

ज्यू विचाराचं मर्म त्या शेमातच आहे. ईश्वर एक, असं म्हणून झाल्यावर लगेच आईबापांना आज्ञा येते: हे मुलांशी बोलत राहा, घरात बसता, वाटेने चालता, निजता, उठता. हाच मजकूर चर्मपत्रावर हाताने लिहून, नळीत घालून, आत शिरताना उजव्या हाताच्या चौकटीवर बसवतात. ती मेझुझा. येता-जाता तिला बोटं लावून ओठांना टेकवायची. कडेवरचं पोरही बघून बघून हात पुढे करतं. तालमूद हा ज्यू धर्मग्रंथ दिवसाला शंभर आशीर्वचनं म्हणायला सांगतो. भाकरीपाशी एक, फळापाशी वेगळं, शौचाहून आल्यावरही एक आहेच. बापाच्या कर्तव्यांत धर्मशिक्षणाबरोबर मुलाला धंदा शिकवणं येतं आणि एका मताप्रमाणे पोहायला शिकवणंही. पावित्र्याच्या यादीत पोहणं घालणाऱ्या त्या पंडितांचं मला फार कौतुक वाटतं.

कोकणाने या सगळ्याला आपली चव दिली. ज्यूंचा शनिवार लागतो त्या शुक्रवारी संध्याकाळी वाइनच्या जागी काळ्या मनुकांचं सरबत. मांसाबरोबर दूध चालत नाही, म्हणून मटणाच्या रश्शात नारळाचं दूध. नवस फेडायचा, लग्न ठरलं, की मलिदा. विदर्भातला मलिदा पोळी कुसकरून होतो; यांचा भिजवलेल्या पोह्यांचा, त्यात गूळ, ओलं खोबरं, वेलची, भोवती फळं मांडलेली. ताट मध्ये ठेवून एलियाहू हन्नाबी या प्रेषिताची आळवणी करायची आणि मग सगळ्यांनी खायचं. 1874 साली पुण्यात छापलेल्या मराठी-हिब्रू हग्गादातल्या, म्हणजे वल्हांडण सणाच्या पोथीतल्या, चित्रांत बिनखमिरी रोट्या करणाऱ्या बायका आहेत त्या साडी नेसलेल्या.

त्यांचं पहिलं सिनेगॉग मुंबईत 1796 साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी उभारलं. तोवर धर्म सांभाळला तो घरांनी, आणि घरांत मुख्यतः बायकांनी. इतिहासात नाव मात्र राहबीचं आणि दिवेकरांचं उरलं.

पुढे बेने इस्रायल इस्रायल देशात गेले, तेव्हा याच लोकांच्या ज्यूपणाबद्दल तिथल्या धर्मपीठाने शंका घेतली. लग्नं अडली, निदर्शनं झाली. अखेर 1964 साली इस्रायलच्या संसदेने बेने इस्रायल सर्व बाबतींत इतर ज्यूंच्या बरोबरीचे आहेत, असं जाहीर केलं.