बालक एक, खाती अनेक

दोन ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ गटांत एकात्मिक बालविकास सेवा योजनेचा आरंभ झाला. त्या घटनेस आता अर्धशतक उलटले आहे. सहा वर्षांखालील बालके, गरोदर स्त्रिया आणि स्तनदा माता यांना पूरक आहार, लसीकरण, आरोग्यतपासणी, संदर्भसेवा, पूर्वप्राथमिक शिक्षण आणि आहार-आरोग्याविषयीचे ज्ञान या सहा सेवा एकाच ठिकाणी मिळाव्यात, असा तिचा हेतू होता. आज देशात १४ लाखांच्या आसपास अंगणवाड्या आहेत. एवढ्या विस्ताराचा प्रयत्न जगात क्वचितच कोठे झाला असेल आणि त्याचे श्रेय ज्याचे त्याला दिलेच पाहिजे. परंतु योजनेच्या नावातील ‘एकात्मिक’ हा शब्द व्यवहारात कितपत उतरला, असा प्रश्न केल्यास उत्तर समाधानकारक मिळत नाही. या उणिवेचे खापर सामान्यतः पैशाच्या टंचाईवर फोडले जाते. आमच्या मते तिचे मूळ माणसे घडविण्याच्या पद्धतीत अधिक आहे.

वरील सहा सेवांपैकी लसीकरण, तपासणी आणि संदर्भसेवा या तीन आरोग्य खात्याच्या सहकार्याने द्यावयाच्या असतात. अंगणवाडी सेविका महिला व बालविकास खात्याची, परिचारिका आरोग्य खात्याची, अपंग बालकांसाठीचे साहाय्य तिसऱ्याच खात्याकडे, आणि मूल सहा वर्षांचे झाले की ते शिक्षण खात्याचे! प्रत्येकीचे प्रशिक्षण निराळे, नोंदवही निराळी आणि वरिष्ठही निराळा. एखाद्या मुलाचे वजन दोन-तीन महिने वाढत नाही, हे सेविकेला वृद्धिपत्रावरील रेषेवरून कळते. पण ते का वाढत नाही? आई दिवसभर बांधकामावर असते, धाकट्याला थोरली बहीण सांभाळते, जुलाब वारंवार होतात, बापाची कमाई गुत्त्यात जाते आणि शिधापत्रिका मूळ गावी राहिलेली असते. यांतील एक कारण डॉक्टरचे, एक सेविकेचे, एक समाजकार्यकर्त्याचे आणि एक मामलेदार कचेरीचे. मूल मात्र ही सर्व कारणे एकाच वेळी भोगत असते. दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांच्या खाली गेला म्हणजे त्याला पोषण पुनर्वसन केंद्रात धाडतात. तेथे ते सुधारते, घरी येते आणि त्याच परिस्थितीत पुन्हा खंगू लागते. केंद्रातील डॉक्टरला अंगणवाडी ठाऊक नसते आणि सेविकेला केंद्रातून मूल परतल्याची वर्दी कोणी देत नाही.

ही फारकत मुळात नव्हती. अंगणवाडी ही कल्पना ताराबाई मोडकांच्या कार्यातून उगवली. १९४५ मध्ये ताराबाई आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे काम आरंभिले आणि १९५७ मध्ये ते कोसबाडच्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच बालवाडीच त्यांच्या अंगणात गेली. तेथे मुलांना आधी न्हाऊमाखू घालणे, खरजेवर औषध लावणे, काहीतरी खाऊ घालणे आणि मग गाणी-गोष्टी असा क्रम होता. शिक्षण कोठे संपले आणि आरोग्यसेवा कोठे सुरू झाली, हे तेथे कोणी विचारले नाही. भावनगरास गिजुभाई बधेकांच्या सान्निध्यात माँटेसरी पद्धतीचा अभ्यास केलेल्या विदुषीला मुलाच्या डोक्यातील उवांकडे लक्ष देणे आपल्या विद्वत्तेस कमीपणा आणणारे वाटले नाही. सरकारने ते नाव उचलले. ती वृत्ती अभ्यासक्रमात उतरविणे अर्थातच अधिक अवघड होते.

अवघड असले तरी ते अशक्य नाही. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी नव्वदीच्या दशकात बालआजारांच्या एकात्मिक उपचारांची पद्धती सिद्ध केली. भारताने तीत नवजात अर्भकांचा समावेश करून २००३ च्या सुमारास ती स्वीकारली. तिचे मर्म साधे आहे. मूल खोकल्यासाठी आणले असले तरी त्याचे वजन, आहार आणि लसीकरण पाहिल्याशिवाय त्याला परत धाडावयाचे नाही. श्वास मोजावयाचे ते पूर्ण एक मिनिट, घड्याळ लावून. दोन महिन्यांहून लहान अर्भकास ६०, वर्षाच्या आतील बालकास ५० आणि त्यापुढे पाच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले तर ते धोक्याचे लक्षण. जुलाबास क्षारसंजीवनी आणि १४ दिवस जस्ताची गोळी. हे ज्ञान पुस्तकातून येत नाही. आजारी मुलाशेजारी बसूनच येते. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी हेच सिद्ध केले. ३९ गावांतील साध्या स्त्रियांना त्यांनी नवजात अर्भकांची घरच्या घरी काळजी घेण्यास शिकविले. तिसऱ्या वर्षी तेथील नवजात मृत्यूंचे प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यांनी १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध केले. त्या स्त्रिया पदवीधर नव्हत्या. त्यांना थोडे थोडे, पुन्हा पुन्हा शिकविले गेले आणि शिकवून झाल्यावर वाऱ्यावर सोडले गेले नाही, एवढाच काय तो फरक.

याउलट सरकारी रीत पाहावी. २०२३ मध्ये ‘पोषण भी, पढाई भी’ या नावाने सेविकांच्या नव्या प्रशिक्षणाची घोषणा झाली. हेतू स्तुत्य, मुदत तीन दिवसांची! तीन दिवसांत बालमानसशास्त्र, आहारशास्त्र आणि दिव्यांग बालकांची पारख हे सारे आत्मसात करणारी स्त्री मिळाली तर तिला विद्यापीठात प्राध्यापकच नेमावयास हवे. त्याआधी, २०२१ पासून, मोबाईलवर पोषणाची माहिती भरण्याचे काम तिच्या गळ्यात आलेच होते. एवढे करून कागदोपत्री ती ‘मानसेवी’! तिला उपदान मिळावे यासाठी सर्वोच्च न्यायालयास २०२२ मध्ये निर्णय द्यावा लागला. जिला आपण कर्मचारी म्हणावयास राजी नाही, तिच्याकडून व्यावसायिक कौशल्याची अपेक्षा कोणत्या तोंडाने करावी?

गोव्याची स्थिती काही बाबतींत निराळी आहे. येथील बालमृत्यूचे प्रमाण देशातील अत्यल्प प्रमाणांपैकी आहे. त्यामुळे मूल जगविण्यापेक्षा जगलेल्या मुलाची नीट वाढ होते की नाही, हा प्रश्न येथे अधिक मोलाचा ठरतो. उशिरा बोलणारे, ऐकू न येणारे, नजरेला नजर न देणारे मूल प्रथम ओळखणार कोण? २०१३ च्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाने जन्मजात व्यंगे, आजार, जीवनसत्त्वादिकांची कमतरता आणि विकासातील विलंब यांच्या तपासणीची व्यवस्था सांगितली. पण तपासणीचे पथक अधूनमधून येणार. सेविका रोज त्या मुलाला पाहते. तिच्या डोळ्यांना ते दिसले नाही तर पथकाला दिसेपर्यंत वर्ष जाईल. वास्को, झुआरीनगर भागांतील परप्रांतीय मजुरांच्या मुलांचा प्रश्न आणखी बिकट आहे. आईची भाषा कन्नड वा उडिया, सेविकेची कोंकणी-मराठी. अशा वेळी मूल बोलत नाही की त्याला आपले बोलणे समजत नाही, हेच मुळी कळत नाही. गोवा बाल कायदा २००३ चा, म्हणजे बाललैंगिक अत्याचारांविरुद्धच्या केंद्रीय कायद्यापूर्वी नऊ वर्षांचा. त्याचा आपल्याला सार्थ अभिमान आहे. मात्र मुलाच्या अंगावरील वळ पाहून काय विचारावे, काय विचारू नये आणि कोणास कळवावे, हे सेविकेला, शिक्षिकेला आणि दवाखान्यातील परिचारिकेला कोणीतरी एकत्र बसवून शिकविले पाहिजे. १९९६ पासून गोव्यात काम करणाऱ्या ‘संगाथ’ या संस्थेने सामान्य शिक्षणाच्या व्यक्तींना मानसिक आरोग्याच्या समुपदेशनाचे शिक्षण देऊन प्राथमिक आरोग्यकेंद्रांतून काम करून दाखविले आहे. तो अनुभव हाताशी आहे.

१८४२ मध्ये स्थापन झालेल्या वैद्यकीय शाळेची परंपरा सांगणारे बांबोळीचे महाविद्यालय आपल्याकडे आहे आणि राज्य असे की एका टोकाहून दुसऱ्या टोकास काही तासांत पोहोचावे. प्रत्येक आरोग्यकेंद्रात वर्षातून किमान दोनदा, आठवडाभर, त्या भागातील सेविका, मुख्यसेविका, परिचारिका, बालवर्गाच्या शिक्षिका आणि नवे डॉक्टर यांनी एकाच मुलासमोर बसून शिकावे, अशी आमची सूचना आहे. वैद्यकीय विद्यार्थ्यांनीही अंगणवाडीस दिलेली भेट वहीवर सही घेण्यापुरती न ठेवता तेथे सलग काही दिवस काढावेत. यासाठी नवा कायदा लागत नाही. दोन खात्यांच्या संचालकांनी एका परिपत्रकावर सही केली म्हणजे पुरे. त्या परिपत्रकात सेविकांच्या प्रवासभत्त्याचा स्पष्ट उल्लेख असावा, आणि त्या शिबिरास गेल्या असता अंगणवाडीतील मुलांचे जेवण चुकू नये म्हणून मदतनीसाच्या जोडीला आणखी एक बाई नेमण्याची तरतूदही त्यातच करावी.