सोडण माडाच्या मुळाशी
मातीचं देणं : लेखांक ७

गेल्या आठवड्यात आपण साखर कारखान्याच्या प्रेसमडपाशी थांबलो होतो. ती गोष्ट घाटावरची. घाट उतरून खाली आलं की ऊस संपतो आणि माड-पोफळी सुरू होतात. इथे घरामागच्या पडवीत नाहीतर गोठ्याच्या आडोशाला एक ढीग हमखास दिसतो, नारळ सोलून उरलेल्या सोडणांचा. थोडी सोडणं बंबात जातात, थोडी गोठ्यात धुरी करायला लागतात. उरलेली टेम्पोत भरून काथ्याच्या कारखान्याला जातात. त्याचे पैसे किरकोळच मिळतात, पण परडं मोकळं झालं याचंच घरच्यांना बरं वाटतं. त्या टेम्पोतून वाडीचं खत बाहेर जातं, ही गोष्ट फारशी कुणी मनावर घेत नाही. ती घ्यायला हवी, म्हणून हा लेख.

माडाला सगळ्यांत जास्त भूक असते ती पालाशची. कासरगोडची केंद्रीय रोपण पिके संशोधन संस्था, म्हणजे सीपीसीआरआय, फळत्या माडाला वर्षाला ५०० ग्रॅम नत्र, ३२० ग्रॅम स्फुरद आणि १२०० ग्रॅम पालाश द्यायला सांगते. नत्राच्या दुपटीहून जास्त पालाश! आणि माडाने उचललेला हा पालाश फळात शिरला की त्याचा मोठा वाटा खोबऱ्यात न जाता सोडणात साठतो. सोडण जाळलं तर मागे राहणाऱ्या राखेत शेकडा ३० च्या आसपास पालाश भरतो. जुनी माणसं बंबातली राख माडाच्या आळ्यात नेऊन टाकत, ते उगीच नव्हे.

पण राखेला एक मर्यादा आहे. तिच्यातला पालाश पाण्यात चटकन विरघळतो आणि कोकणात पाऊस पडतो तीन हजार मिलिमीटरच्या घरात. आपली जांभ्याची तांबडी माती पोषकद्रव्यं धरून ठेवण्यात मुळातच कमकुवत. किनाऱ्यालगतची पुळणीची जमीन तर त्याहून उघडी, तिच्यातून पाणी सरळ खाली निघून जातं. मृगाच्या तोंडावर टाकलेल्या राखेतला बराचसा पालाश श्रावणापर्यंत खाडीला मिळालेला असतो. शिवाय जाळताना सोडणातलं कार्बन आणि नत्र हवेत जातं ते वेगळंच. मग आपण दुकानातून म्युरेट ऑफ पोटॅश आणतो. ते देशाबाहेरून, कॅनडा, रशिया, जॉर्डनसारख्या देशांतून आलेलं असतं. एवढ्या लांबून पालाश आणायचा आणि परसातला बाहेर पाठवायचा, हा व्यवहार वाडीच्या हिताचा नाही.

जांभ्याच्या आणि पुळणीच्या जमिनीत पालाश टिकवायचा तर सेंद्रिय पदार्थ हवा, आणि तोही लवकर न कुजणारा. शेणखत आपल्या उष्ण, दमट हवेत एखाद-दोन वर्षांत संपून जातं. सोडण टिकतं. त्यासाठी सीपीसीआरआयने सांगितलेली पद्धत अगदी साधी आहे, सोडणं पुरायची. माडांच्या दोन ओळींमध्ये, बुंध्यापासून पुरेसं अंतर राखून, दीड-दोन फूट खोल चर खणायचा. त्यात सोडणं थराथराने रचायची, प्रत्येक थरावर माती लोटायची आणि वरून चर बुजवायचा. ओळींमध्ये जागा नसेल तर माडाभोवती साधारण दोन मीटरवर गोल चर काढला तरी चालतो. पावसाळ्याच्या सुरुवातीला हे काम उरकावं, म्हणजे सोडणं पोटभर पाणी पितात. एक सोडण आपल्या वजनाच्या तीन ते पाच पट पाणी धरतं आणि पुरलेल्या सोडणांचा गुण पाच-सात वर्षं टिकतो.

यात एक बारीकशी बाब आहे आणि तिच्यावर बरंच अवलंबून आहे. पुरताना सोडणाची पोकळ बाजू वर हवी, म्हणजे वाटीत साठावं तसं पाणी तिच्यात साठतं. तीच सोडणं आळ्यात आच्छादन म्हणून पसरायची असतील तर पोकळ बाजू खाली हवी, कारण तिथे आपल्याला जमिनीतली ओल झाकायची असते.

माडाला सोटमूळ नसतं. बुंध्याच्या तळातून निघणारी दोरीसारखी मुळं चहूकडे पसरतात. काही वर्षांपूर्वीचा चर उकरून पाहिला तर सोडण काळपट, मऊ झालेलं दिसतं, बोटांनी सहज फाटतं आणि त्याच्या धाग्यांमधून माडाची बारीक मुळं आरपार गेलेली असतात. आसपासची माती वैशाखात दगडासारखी कडक झाली तरी सोडणाच्या आत हाताला गारवा लागतो.

हे झालं वाडीतल्या वाडीत. पण सोडण कारखान्यात गेलं की प्रश्न वेगळा होतो. आपल्या देशात काथ्याचा पहिला कारखाना १८५९ मध्ये केरळात आलप्पुळा इथे जेम्स डाराने उभारला. पुढे १९५३ च्या कायद्याने कॉयर बोर्ड स्थापन झालं. इतक्या वर्षांत दोर, पायपुसणी, गाद्या असं पुष्कळ काही तयार झालं, पण सोडणातला धागा भरतो ढोबळमानाने एक तृतीयांश. बाकीचा असतो धाग्यांना जोडून ठेवणारा बुचासारखा हलका भुसा. एक किलो धाग्यामागे जवळपास दोन किलो भुसा! केरळ-तमिळनाडूत कारखान्यांच्या बाजूला त्याचे डोंगर वर्षानुवर्षं पडून राहत. ते कुजत नसत आणि पावसात त्यातून झिरपणारं तपकिरी पाणी आसपासच्या विहिरींत उतरे.

भुसा कुजत नाही याला कारण आहे त्यातलं लिग्निन. शिवाय त्यात कार्बन नत्राच्या सुमारे ११२ पट असतो. मातीतल्या जिवाणूंना इतका कार्बन पचवायचा तर नत्र कुठून तरी आणावं लागतं आणि ते आजूबाजूच्या मातीतूनच ओढून घेतात. मग झाड पिवळं पडतं. म्हणून कच्चा भुसा मुळांच्या थरात कधीही मिसळू नये. आळ्यात वरून दहा सेंटिमीटरचा थर पसरायला हरकत नाही, तिथे तो फक्त ओल राखतो.

लिग्निन फोडण्याचं काम एक बुरशी चोख करते, आणि ती आपल्या बाजारातही मिळते. धिंगरी अळिंबी म्हणून आपण जी भाजी खातो, त्याच कुळातली ही प्लुरोटस. कोइम्बतूरच्या तमिळनाडू कृषी विद्यापीठाने रूढ केलेली कृती सोपी आहे. सावलीत, पाणी न साचणाऱ्या जागी १०० किलो भुसा पसरायचा आणि त्यावर बुरशीचं बियाणं विखरायचं. त्यावर आणखी १०० किलो भुसा आणि एक किलो युरिया. असेच थर चढवत गेलं की एक टन भुशाला पाच किलो युरिया आणि दीड किलोच्या आसपास बियाणं लागतं. ढीग ओलसर ठेवायचा, भिजवून चिंब करायचा नाही. महिना-दीड महिन्यात भुसा काळा पडतो, कार्बन-नत्राचं प्रमाण ११२ वरून २४ वर येतं, नत्र ०.२६ टक्क्यांवरून १.०६ टक्क्यांवर जातं आणि पालाश ०.७८ चा १.२० टक्के होतो. ज्यांना युरिया नको असेल, त्यांच्यासाठी कोंबडीखत घालून कुजवण्याची पद्धत सीपीसीआरआयनेच दाखवून दिली आहे.

या आकड्यांवरून खताच्या दुकानाला कायमचा रामराम करता येईल असं मात्र कुणी समजू नये. स्फुरद या कंपोस्टमध्ये नावालाच असतो, तो बाहेरून द्यावाच लागतो. पण दिलेलं खत मातीत थांबवण्याचं काम हे कंपोस्ट करतं आणि आपल्या जमिनीची खरी अडचण तीच आहे.

दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगायलाच हव्यात. खाऱ्या पाण्यात भिजवलेल्या सोडणांच्या भुशात मीठ राहतं. माड ते सोसतो, त्याला क्लोराइड लागतंही. पण तोच भुसा काळी मिरी, जायफळ किंवा रोपवाटिकेसाठी वापरायचा असेल तर गोड्या पाण्याने नीट धुऊन घ्यावा. रत्नागिरीजवळच्या भाट्ये नारळ संशोधन केंद्राच्या शिफारशीप्रमाणे माडात मसाल्याची झाडं लावून लाखी बाग करणाऱ्यांनी तर हे विसरूच नये. दुसरी गोष्ट गेंड्या भुंग्याची. कुजत्या शेणाचे ढीग हे त्याचं अंडी घालण्याचं आवडतं ठिकाण. कंपोस्टमध्ये शेण मिसळत असाल तर ढीग वाडीपासून दूर ठेवा, वरखाली करताना अळ्या वेचून मारा आणि मेटारायझियम ही मित्रबुरशी त्यात सोडा.

आज या भुशाला कोकोपीट म्हणून मोठी मागणी आहे. त्याच्या धुतलेल्या, दाबलेल्या विटा पॉलिहाऊसला लागतात, परदेशी जातात, आणि काथ्याच्या निर्यातीत वजनाने सर्वांत मोठा वाटा आता त्यांचाच आहे. त्यातून कुणाला रोजगार मिळत असेल तर त्याबद्दल तक्रार नाही. पण ज्याच्या वाडीत दहा-वीस माड आहेत, त्याने आपली सोडणं विकण्याआधी दर वर्षी एका ओळीपुरती तरी बाजूला काढावीत. दर वर्षी एक चर भरला तर पाच-सहा वर्षांत छोटी वाडी पुरी होते, आणि तोवर पहिल्या चरातली सोडणं पुन्हा भरायची वेळ आलेली असते.

पुढच्या लेखात सिंधुदुर्ग-गोव्यातल्या काजूच्या बोंडांकडे वळू. रस काढून उरलेल्या चोथ्याचं काय करता येतं, ते पाहू.