आखडलेला खांदा आणि अवबाहुकाची चिकित्सा

खांदा हा शरीरातील सर्वांत मोकळेपणाने फिरणारा सांधा असून, त्याला वेढणारे पातळ आवरण सुजून जाड झाले आणि आक्रसले, की हात हळूहळू जखडत जातो. या विकाराला दवाखान्यात ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात आणि हे नाव अमेरिकन शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ मध्ये रूढ केले. चाळीस ते साठ या वयात, स्त्रियांत आणि विशेषतः मधुमेहींत तो अधिक आढळतो. मांडणीवरचा डबा काढता येत नाही, वेणी घालताना हात मागे पोचत नाही आणि त्या कुशीवर वळताच कळ उठून झोप मोडते, ही त्याची रोजची रूपे होत.

सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात वातव्याधींच्या वर्णनात या विकाराशी जुळणारा ‘अवबाहुक’ येतो. खांद्याच्या ठिकाणी स्थिरावलेला वायू तेथील बंधने सुकवतो आणि शिरा आखडून टाकतो, असे त्याचे कारण तेथे सांगितले आहे. सांध्यात वंगणाचे काम करणाऱ्या ‘श्लेषक’ कफाचा क्षय होतो, असेही वैद्य मानतात. चिकित्सेचा सगळा रोख म्हणूनच या कोरडेपणावर आणि आखडलेपणावर असतो.

आधी स्नेहन, म्हणजे कोमट महानारायण किंवा प्रसारणी तेलाचा हलका अभ्यंग, आणि मग स्वेदन, म्हणजे शेक, असा क्रम असतो. निर्गुडीसारखा वातहर पाला तेलावर परतून फडक्यात बांधलेली पोटली तव्यावर गरम करून खांद्यावर फिरवतात, तिला ‘पत्रपोटली’ म्हणतात. मधुमेहाने ज्यांच्या त्वचेची संवेदना मंदावली असेल त्यांना चटका कळत नाही, त्यामुळे पोटलीची ऊब आधी दुसऱ्याने स्वतःच्या हातावर पाहणे अत्यावश्यक ठरते.

तथापि या रोगातील खास उपाय म्हणजे नस्य. दुखणे खांद्याचे असताना औषध नाकात का, असा प्रश्न साहजिकच पडतो. परंतु नाक हे मस्तकाचे द्वार असून गळ्याच्या हाडांवरील भागाच्या विकारांत नस्य श्रेष्ठ, असे आयुर्वेद मानतो आणि वाग्भटाने अवबाहुकासाठी नस्याबरोबर जेवणानंतर स्नेहपानही सांगितले आहे. रुग्णाला उताणे निजवून, डोके किंचित मागे झुकवून, कोमट औषधी तेलाचे थेंब दोन्ही नाकपुड्यांत सोडतात. ताजी सर्दी किंवा ताप असताना ते टाळतात. पोटात महारास्नादि काढा, योगराज गुग्गुळ यांची योजना होते. मात्र धातूंची भस्मे असलेली औषधे वैद्याच्या देखरेखीवाचून घेणे धोक्याचे आहे.

हा विकार वेदना, जखडणे आणि मोकळे होणे अशा टप्प्यांतून एक ते तीन वर्षे चालतो आणि अनेकांत तो आपोआपही निवळत जातो, म्हणून आठवड्याभरात खांदा सोडवण्याच्या हमीवर विश्वास ठेवू नये. वेदनेच्या भरात खांदा जोराने ओढणे किंवा चोळणे घातक असते. कळ ओसरली की मात्र तेल-शेकाने सैलावलेला हात लगेच हलवावा लागतो. भिंतीसमोर उभे राहून बोटे पायरीपायरीने वर चढवावीत आणि जेथे ती थांबतील तेथे खडूने खूण करावी, म्हणजे आठवड्यागणिक ती खूण किती वर सरकते, हे रुग्णालाही दिसते आणि वैद्यालाही.