नवव्या तासाचे दोन कायदे

आषाढी जवळ आली की सातारा आणि सांगली विभागांतल्या एसटी आगारांत जादा गाड्यांची जुळवाजुळव सुरू होते. दहिवडी, विटा, आटपाडी, जत, सगळ्यांची तोंडं पंढरपूरकडे. रोजच्या फेऱ्या चालूच असतात, चालक-वाहक मात्र तेवढेच. मग कुणाच्या तरी ड्युटीला नववा तास चिकटतो. आगारात त्याला ‘ओटी’ म्हणतात. त्या एका तासावर संसदेने किती बारकाईने विचार करून ठेवलाय, ते वाचताना थक्क व्हायला होतं.

मोटार परिवहन कामगार कायदा १९६१चा. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८, ही त्याची चौकट. पण कायदा करणाऱ्यांना जत्रा-यात्रा ठाऊक होत्या! लांब पल्ल्याच्या गाड्या आणि सणासुदीचे दिवस यांसाठी मंजुरी घेऊन ही चौकट ताणता येई. तरी दिवसाला १० आणि आठवड्याला ५४ तासांपुढे मुळीच नाही. म्हणजे जादा तास आठवड्याला फार तर सहा, आणि त्यांची मजुरी दुप्पट. गाडी बंद पडली, कृष्णेचं पाणी रस्त्यावर आलं, तर त्यासाठी वेगळी सवलत होती. २१ नोव्हेंबर २०२५पासून या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितेने घेतली. दुप्पट मोबदल्याचं तत्त्व तिथेही टिकलं आहे.

आता पैशांची बाजू. एसटी महामंडळ चालतं ते १९५०च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यावर. त्याचं ३२वं कलम सांगतं की दरवर्षीचं अंदाजपत्रक राज्य सरकारने मंजूर करायचं आणि त्यात ज्याची स्पष्ट तरतूद नाही, असा खर्च करायचा नाही. म्हणजे आटपाडीच्या चालकाने पंढरपूरच्या रस्त्यावर काढलेल्या जादा तासाचा अंदाज मुंबईत आधीच आकड्यांत मांडलेला असावा लागतो. पाऊस किती लांबेल, गर्दी किती होईल, हे तेव्हा कुणाला माहीत?

म्हणूनच त्याच कलमात एक दार ठेवलंय. एका शीर्षाखाली उरलेले पैसे दुसऱ्याकडे वळवता येतात. अट एकच, एकूण मंजूर रक्कम ओलांडायची नाही. डिझेलवर वाचलेला रुपया असा नवव्या तासाच्या मजुरीला लागू शकतो. मला या सगळ्यात हेच फार सुंदर वाटतं.

पण तरतूद संपली म्हणून चालकाचं देणं संपत नाही. तास भरला की दुप्पट मजुरी हा त्याचा हक्क झाला. त्यामुळे खर्चाला खरा आवर घालता येतो तो तास भरण्याआधीच, ड्युटी लावणाऱ्याच्या टेबलावर: फेरी कमी करा, नाहीतर माणूस वाढवा.

कायद्याचं हे पाठबळ केवढं मोलाचं, ते केंद्र सरकारच्या कार्यालयांत दिसलं. तिथल्या अतिकालिक भत्त्याचे दर १९९१नंतर वाढलेच नाहीत आणि सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून २०१८मध्ये तो भत्ता बंद झाला. वगळले गेले ते प्रत्यक्ष संचालनातले कर्मचारी, आणि ज्यांच्या जादा तासाला कायद्याचं कलम होतं असे औद्योगिक कामगार.