नियम सगळ्यांना सारखा, पण माप कुणाचं?

ऑगस्टमध्ये अंतर्गत चाचण्यांचं वेळापत्रक लागलं की घाटकोपरात एक वाक्य हमखास कानावर येतं. स्टाफरूममध्ये येतं, राजावाडीच्या बागेत फिरताना येतं, मेट्रोच्या जिन्यावरही येतं. ‘कॉलेजात नियम सगळ्यांना सारखा. एकाला पर्युषणाची सूट, दुसऱ्याला जुम्म्याची, असं करत बसलो तर शिकवायचं कधी?’ पंचवीस वर्षं उपनगरांतल्या महाविद्यालयांत शिकवतो आहे, वेळापत्रक समितीवरही बरीच वर्षं काढली. हे वाक्य बोलणारी माणसं दुष्ट नसतात, हे मला पक्कं माहीत आहे. त्यांना मनापासून वाटतं, की नियम कोरा आहे, त्यात धर्म कुठेच नाही, आणि सूट मागणारा तो धर्म बाहेरून आत आणतो आहे.

नियम कोरा नाही. कधीच नव्हता.

रविवारपासूनच सुरुवात करू. मुंबईच्या गिरण्यांत कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. गोऱ्या साहेबांना होती, कारण त्यांना चर्चला जायचं असे. महात्मा फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे यांनी ती कामगारांसाठी मागितली, तेव्हा रविवार हा आमच्या खंडोबाचा वार आहे, असाही मुद्दा मांडला. १८९० साली ती सुट्टी मिळाली. आज ज्या सुट्टीला आपण निव्वळ व्यवहाराची गोष्ट समजतो, तिच्या मुळाशी एक प्रार्थनेचा दिवस आहे आणि एक देवाचा वार आहे.

आता कॉलेजचं कॅलेंडर उघडा. गणपतीची सुट्टी, दिवाळीची सुट्टी, नाताळची सुट्टी. भटवाडीतला मुलगा गणपतीला गावी कोकणात जातो तेव्हा त्याला प्राचार्यांकडे अर्ज द्यावा लागत नाही. ‘तुझ्या धर्मामुळे अभ्यासक्रम मागे पडतो’ असं त्याला कुणी सुनावत नाही. आणि सुनावूही नये, त्या सुट्ट्या मलाही हव्या आहेत. पण ज्याचा सण कॅलेंडरात छापलेला असतो, त्याची सोय दिसत नाही, आणि ज्याचा छापलेला नसतो, त्याचा अर्ज मात्र दिसतो. मग अर्ज करणारा तेवढा सवलत मागणारा ठरतो. ही समानता नाही. हा फक्त छपाईचा फरक आहे.

पर्युषणाचंच घ्या, कारण आमच्या भागात सगळ्यात जास्त कुरकुर त्यावर होते. श्वेतांबर जैनांचं पर्युषण आठ दिवसांचं असतं. शेवटचा दिवस संवत्सरीचा, आणि ती गणेश चतुर्थीच्या आसपासच येते. म्हणजे संवत्सरीला बहुधा गणपतीच्या सुट्टीचा आधार मिळतो, उरलेल्या दिवसांना मिळत नाही. काही मुलं अठ्ठाई करतात. सलग आठ दिवस अन्न नाही, फक्त उकळलेलं पाणी, तेही सूर्यास्ताच्या आत.

आता हजेरीचा हिशेब मांडू. यूजीसीच्या नियमांप्रमाणे वर्षाला किमान १८० दिवस अध्यापन व्हायला हवं, म्हणजे एका सत्रात सुमारे ९०. मुंबई विद्यापीठाला सरासरी ७५ टक्के हजेरी लागते. म्हणजे कुणालाही, कुठलंही कारण न सांगता, सत्रात बावीस दिवस गैरहजर राहण्याची मुभा नियमातच आहे. पर्युषणाचे सगळे दिवस घरी राहिलेल्या मुलीच्या खात्यात त्यानंतरही चौदा दिवस शिल्लक असतात. तिनं काय फुकट मिळवलं? हजेरीचा प्रश्नच नाही. प्रश्न फक्त त्या आठवड्यात चाचणी लावायची की नाही, एवढाच आहे, आणि चाचणी कुठल्या आठवड्यात घ्यायची हे आपणच ठरवतो.

इथे माझी एक चूक सांगायला हवी. एका वर्षी तोंडी परीक्षेच्या यादीत एका मुलीला मी दुपारी चारची वेळ दिली. अठ्ठाईचा सातवा दिवस होता. सकाळची वेळ द्या, असं ती विचारायला आली होती, आणि ‘यादी लागली’ म्हणून मी तिला परत पाठवलं. चार वाजता ती बाकाला धरून उभी राहिली. उत्तरं तिला येत होती, आवाज निघत नव्हता. यादीतलं एक नाव वर घ्यायचं होतं, बस. ना एक तास बुडणार होता, ना कुणाचा गुण कमी होणार होता.

जुम्म्याचंही तेच. शुक्रवारची दुपारची नमाज साधारण एक ते दोनच्या दरम्यान असते. मधली सुट्टी त्या एका दिवशी अर्धा तास पुढे सरकवली की एकही तास न बुडवता सोय होते. आम्ही ती सरकवली, आणि डबा उशिरा खाल्ल्यानं कुणाचं काही बिघडलं नाही.

‘पण परीक्षा कशा हलवणार?’ हलवतातच. १४ जानेवारी २०२५ ला होणारा सीए फाउंडेशनचा पेपर मकरसंक्रांत, पोंगल आणि बिहूमुळे १६ तारखेला नेण्यात आला. १५ जानेवारीची यूजीसी-नेटही त्याच सणांमुळे पुढे ढकलली गेली. देशभरातल्या परीक्षा सणासाठी सरकतात, आणि वीस गुणांची वर्गचाचणी सरकत नाही, असं कुणी मला सांगू नये. आणि समजूतदारपणा एकाच बाजूनं दाखवला जातो असंही नाही. २०२४ मध्ये अनंत चतुर्दशीच्या आदल्या दिवशी ईद-ए-मिलाद आली, तेव्हा मुंबईतल्या मुस्लिम समाजानं आपला जुलूस विसर्जनानंतर काढला. सरकारनं मुंबईपुरती सुट्टीही १६ सप्टेंबरवरून १८ ला नेली. २०२५ मध्ये पुन्हा तसंच झालं.

दुसरा गैरसमज आमच्या शेजारच्या चेंबूरचा आहे. ‘कोर्टानं हिजाबवर बंदी घातली ना?’ असं अजूनही शिकलेली माणसं विचारतात. झालं ते असं. आचार्य-मराठे महाविद्यालयानं हिजाब, टोपी, बॅज वगैरेंना मनाई करणारं परिपत्रक काढलं. नऊ विद्यार्थिनी उच्च न्यायालयात गेल्या, आणि २६ जून २०२४ रोजी त्यांची याचिका फेटाळली गेली. पुष्कळांनी बातमी इथवरच वाचली. पुढे ९ ऑगस्ट २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयानं हिजाब, टोपी आणि बॅजपुरती त्या परिपत्रकाला अंतरिम स्थगिती दिली. वर्गात बुरखा नको आणि आवारात धार्मिक कार्यक्रम नकोत, हेही त्याच आदेशात आहे. विद्यार्थ्यांचा धर्म दिसू नये हा हेतू असल्याचं महाविद्यालयातर्फे सांगितलं गेलं, तेव्हा नावावरून धर्म कळत नाही का आणि टिळा किंवा टिकलीवरही बंदी घालणार का, असं खंडपीठानं विचारलं. त्याआधी कर्नाटकच्या हिजाब प्रकरणात १३ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्याच दोन न्यायमूर्तींचा निकाल दोन दिशांना गेला होता. ‘देशभर बंदी’ असा आदेश यांतल्या कुठल्याच निकालानं दिलेला नाही.

आणि हा विषय एकाच समाजाचा आहे असं ज्यांना वाटतं, त्यांनी बीदरकडे पाहावं. एप्रिल २०२५ मध्ये कर्नाटकच्या सीईटीला तिथल्या केंद्रावर एका विद्यार्थ्याला जानवं काढायला सांगितलं गेलं. त्यानं नकार दिला आणि त्याचा गणिताचा पेपर हुकला. नंतर संबंधितांवर कारवाई झाली. झडती घेणाऱ्याला साधी समज असती, तर त्या मुलावर ती पाळीच आली नसती. नीट परीक्षेच्या सूचनांत ही समज लिहिलेलीच आहे. धार्मिक किंवा पारंपरिक वेश असलेल्यांनी लवकर यावं, म्हणजे त्यांची तपासणी नीट करता येईल.

बाकीचे गैरसमज थोडक्यात सांगतो. सेक्युलर म्हणजे धर्म गेटबाहेर ठेवायचा, असं राज्यघटना म्हणत नाही. अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात शिखांच्या कृपाणाचा नावानिशी उल्लेख आहे. आवारातली पूजा सर्वांना सक्तीची, हेही खोटं आहे. अनुच्छेद २८ प्रमाणे मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत कुणालाही संमतीशिवाय उपासनेला बसवता येत नाही. राष्ट्रगीत न म्हणणाऱ्याला काढून टाकता येतं, असं मानणाऱ्यांनी १९८६ चा बिजो इमॅन्युएल निकाल वाचावा. केरळातली ती तीन मुलं आदरानं उभी राहत होती, फक्त गात नव्हती, आणि सर्वोच्च न्यायालयानं त्यांना शाळेत परत घ्यायला लावलं. कर्मचाऱ्यांना सणाची रजा म्हणजे मेहेरबानी, असंही नाही. केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांना ठरलेल्या सुट्ट्यांखेरीज वर्षाला दोन ऐच्छिक सुट्ट्या (आरएच) स्वतःच्या पसंतीनं घेता येतात, आणि पवईच्या आयआयटीतही तीच पद्धत आहे.

दुसऱ्या बाजूचे गैरसमजही आहेत, तेही सांगायला हवेत. नमाजासाठी किंवा जैनांच्या सामायिकासाठी स्वतंत्र खोली मिळणं हा कायद्यानं दिलेला हक्क नाही. प्रयोगशाळेत बर्नरजवळ ओढणी, स्कार्फ, मोकळे केस, सैल बाही यांतलं काहीही लोंबता कामा नये, आणि तिथे धर्माचं कारण चालत नाही. परीक्षेत चेहरा दाखवून ओळख पटवावीच लागते. फक्त ती शिक्षिकेनं आडोशाला पटवली की पुरतं. ‘वाजवी सोय’ ही कल्पना आपल्याकडे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. धर्माच्या बाबतीत तशी तरतूद नाही. अमेरिकेत आहे, आणि २०२३ च्या एका निकालात तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं मालकाला बजावलं, की किरकोळ गैरसोयीचं कारण पुढे करून सोय नाकारता येणार नाही, खरोखर मोठा बोजा दाखवावा लागेल. आपल्याकडे हे सगळं प्राचार्यांच्या आणि वेळापत्रक लावणाऱ्याच्या समजुतीवर सोडलेलं आहे.

म्हणून सांगणं त्या वेळापत्रक लावणाऱ्यालाच आहे. जूनमध्ये बसाल तेव्हा सरकारी सुट्ट्यांच्या यादीशेजारी जैन पंचांग आणि हिजरी कॅलेंडर ठेवा. चैत्यभूमीवर जाणाऱ्या मुलांसाठी ६ डिसेंबरवर आधीच खूण करा. वर्गातल्या मुलांना पहिल्याच आठवड्यात विचारा, की कुठल्या दिवशी तुम्हाला चाचणी नको. सगळ्यांनी सांगितलेल्या तारखा टाळता येतील असं नाही, पण बऱ्याच टाळता येतात. या कामाला अर्धा तास लागतो.