हॅरी पार्च यांची तंतुवाद्ये : स्वरसिद्धांत, वाद्यनिर्मिती आणि जतनाचा प्रश्न

प्रस्तावना

वादक जे वाद्य हाती घेतो ते बहुधा त्याच्या जन्मापूर्वीच सिद्ध झालेले असते. त्या वाद्याच्या मर्यादा ओळखून संगीतकार रचना करतो. अमेरिकन संगीतकार हॅरी पार्च (१९०१-१९७४) यांच्या बाबतीत हा क्रम उलटा झाला. त्यांनी आधी स्वरांचा सिद्धांत निश्चित केला. ते स्वर प्रचलित वाद्यांवर वाजविता येत नाहीत म्हणून नवी वाद्ये घडविली आणि मग त्या वाद्यांसाठी संगीत लिहिले. या संचात तालवाद्येही आहेत. तथापि सिद्धांताचे रूप तंतुवाद्यांत अधिक स्पष्ट दिसते. प्रस्तुत लेखात या तंतुवाद्यांचा परिचय करून देऊन, असा संच जतन करणे म्हणजे नेमके काय जतन करणे, या प्रश्नाचा विचार केला आहे.

सिद्धांताची पार्श्वभूमी

पाश्चात्त्य पियानोचे सप्तक बारा समान भागांत विभागलेले असते. या विभागणीत षड्ज-पंचम जवळजवळ शुद्ध राहतो, पण गांधार चढतो. षड्जाची आंदोलनसंख्या २४० मानली, तर ५:४ या गुणोत्तराने शुद्ध गांधार ३०० होतो. पियानोवर तो सुमारे ३०२.४ येतो. हा फरक तंबोऱ्याला सरावलेल्या कानाला जाणवतो. महाराष्ट्रात पेटीच्या स्वरांवर झालेला वाद याच मुद्द्याचा होता. विसाव्या शतकाच्या आरंभी कृ. ब. देवल आणि ई. क्लेमेंट्स यांनी श्रुति-हार्मोनियमच्या रूपाने त्यावर उपाय शोधण्याचा प्रयत्न केला होता.

पार्च यांना १९२३ साली एका सार्वजनिक ग्रंथालयात हेल्महोल्ट्झ यांचा स्वरसंवेदनेवरील ग्रंथ मिळाला आणि ते गुणोत्तरांच्या गणिताकडे वळले. ५ या अंकापाशी न थांबता ते ७ व ११ पर्यंत गेले. वरील षड्जाला ७:४ या गुणोत्तराचा स्वर ४२० आंदोलनांचा होतो. तो आपल्या प्रचलित कोमल निषादाहून उतरलेला असतो. ११:८ चा स्वर ३३० आंदोलनांचा, म्हणजे शुद्ध आणि तीव्र मध्यमांच्या मधला. ११ पर्यंतच्या गुणोत्तरांतून मिळणाऱ्या २९ स्वरांत, त्यांमधील मोठी अंतरे भरून काढण्यासाठी १४ स्वरांची भर घालून त्यांनी ४३ स्वरांचे सप्तक सिद्ध केले. बावीस श्रुतींच्या कल्पनेशी याचे वरवर साम्य भासले, तरी दोहोंची उत्पत्ती भिन्न आहे. पार्च यांचा मुख्य हेतू बोलण्यातील सूक्ष्म चढउतार संगीतात जसेच्या तसे आणणे हा होता.

तंतुवाद्यांचा परिचय

या मालिकेतील पहिले महत्त्वाचे वाद्य म्हणजे १९३० साली न्यू ऑर्लिन्स येथे पूर्ण झालेला 'अ‍ॅडॅप्टेड व्हायोला'. व्हायोलाच्या ध्वनिपेटीवर चेलोची लांब पट्टी बसवून तो तयार केला होता. पट्टी लांब झाल्याने स्वरस्थानांतील अंतरे वाढली आणि जवळजवळचे स्वर बोटांखाली वेगळे ओळखता येऊ लागले. पट्टीवर या स्थानांच्या खुणा केलेल्या होत्या. वाद्य गुडघ्यांमध्ये धरून वाजवायचे. याच वर्षी पार्च यांनी आपल्या आधीच्या रचना शेगडीत जाळून टाकल्या. चिनी कवी ली पो यांच्या कवितांच्या त्यांनी केलेल्या गायनरचना या व्हायोलाच्या साथीसाठी आहेत.

१९३४ मध्ये कार्नेगी कॉर्पोरेशनच्या अनुदानावर ते युरोपात गेले. डब्लिन येथे कवी येट्स यांची आणि इंग्लंडमध्ये ग्रीक संगीताच्या अभ्यासक कॅथलीन श्लेझिंगर यांची त्यांनी भेट घेतली. प्राचीन ग्रीक पात्रावरील चित्राच्या आधारे श्लेझिंगर यांनी केलेली किथाराची प्रतिकृती त्यांनी तेथे पाहिली आणि तिच्यावरून स्वतःचा 'किथारा' १९३८ मध्ये बांधला. त्यात ७२ तारा असून त्या सहा-सहांच्या बारा गटांत लावलेल्या असतात. प्रत्येक गट हा एक स्वतंत्र स्वरसंघात असतो. काही गटांच्या तारांखाली काचेची कांडी सरकवून मींड काढता येते. १९५४ मधील दुसरा किथारा इतका उंच आहे की वादकाला चौथऱ्यावर उभे राहावे लागते.

'हार्मोनिक कॅनन' हे स्वरमंडळाशी साम्य असलेले ४४ तारांचे वाद्य. त्याच्या प्रत्येक तारेखाली स्वतंत्र, सरकती घोडी असते. घोड्या हलविल्या की स्वरसमूह बदलतो, त्यामुळे रचनेगणिक वाद्याची मांडणी नवी होते. ग्रीक विचारवंतांनी गुणोत्तरे मोजण्यासाठी वापरलेल्या एकतारी 'कॅनन'चा हा विस्तार होय. तारेची लांबी आणि स्वर यांचा संबंध त्यावर डोळ्यांनी पाहता येतो. यांशिवाय गिटारचीही त्यांनी रूपांतरे केली. त्यांपैकी दहा तारांचे गिटार हवाईयन पद्धतीने कांडी सरकवून वाजविले जाते. या सर्वांना स्वराचा आधार देण्यासाठी जुन्या पायपेटीचे रूपांतर करून 'क्रोमेलोडिऑन' तयार करण्यात आले.

लेखनपद्धती आणि तिचा परिणाम

येथे एक अडचण लक्षात घ्यावी लागते. ४३ स्वर नेहमीच्या पाच रेषांच्या लेखनात मावत नाहीत. त्यामुळे पार्च यांनी प्रत्येक वाद्यासाठी निराळी खूणपद्धती योजली. कोठे तारेचा क्रमांक, कोठे पट्टीचा रंग, कोठे गुणोत्तर लिहिलेले असते. कागदावरची खूण वाचून स्वर कळत नाही. वादकाने काय करायचे तेवढे कळते. बीथोव्हेनच्या काळचा पियानो नष्ट झाला तरी त्याचे संगीत दुसऱ्या पियानोवर वाजते. किथारा नष्ट झाला तर किथाराचे संगीत मुके होते. वाद्यसंच हाच येथे संहितेचा अर्धा भाग आहे.

जतनाचा प्रश्न

विस्कॉन्सिन, इलिनॉय आणि कॅलिफोर्निया येथील विद्यापीठांनी पार्च यांना वेळोवेळी आश्रय दिला. त्यांचा सिद्धांतग्रंथ 'जेनेसिस ऑफ अ म्युझिक' विस्कॉन्सिन विद्यापीठानेच १९४९ मध्ये प्रसिद्ध केला. मात्र कायमचे अध्यापकपद त्यांना मिळाले नाही आणि वाद्यांना कायमची जागाही मिळाली नाही. पार्च यांच्या मृत्यूनंतर त्यांचे सहकारी डॅनली मिचेल यांनी संच सांभाळला. पुढे तो डीन ड्रमंड यांच्याकडे, त्यांच्यासह न्यू जर्सीतील माँटक्लेअर विद्यापीठात आणि ड्रमंड यांच्या निधनानंतर २०१४ साली सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात गेला.

संग्रहालयशास्त्राच्या दृष्टीने मूळ वस्तूला हात न लावणे श्रेयस्कर. वाद्य मात्र न वाजविल्यास त्याचा अर्थच लोपतो, आणि वाजविल्यास ते झिजते. यावर प्रतिकृती हा एक मार्ग आहे. जर्मनीतील 'आन्सांब्ल म्युझिकफाब्रिक' या संस्थेने 'डिल्युजन ऑफ द फ्युरी' या नाट्यरचनेच्या २०१३ मधील प्रयोगासाठी वाद्यांचा संपूर्ण संच नव्याने बांधून घेतला. अमेरिकेत जॉन श्नायडर यांच्या समूहानेही प्रतिकृतींवर वादन केले आणि त्यांच्या ध्वनिमुद्रणास २०१५ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला.

समारोप

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, या संचाचे मोल त्याच्या लाकडात किंवा दुर्मिळतेत मर्यादित नाही. प्रतिकृती शक्य झाल्या, कारण मापे व गुणोत्तरे पार्च यांनी स्वतःच्या ग्रंथात लिहून ठेवली होती आणि वादनाची रीत मिचेल, ड्रमंड यांच्यासारख्या सहकाऱ्यांनी व अनुयायांनी चालू ठेवली होती. वस्तू, लेखन आणि सराव या तिन्हींपैकी एक तुटले असते, तर उरलेली दोन अपुरी पडली असती. वाद्यसंग्रह स्वीकारणाऱ्या कोणत्याही शिक्षणसंस्थेने काचेच्या कपाटाबरोबरच वाद्याची मापे नोंदविणारा अभ्यासक आणि ते वाजविणारा विद्यार्थी यांचीही तरतूद करावी लागते, हा या इतिहासाचा व्यावहारिक निष्कर्ष होय.