आतड्याने धाडलेला निरोप

जठरातलं आंबट मिश्रण लहान आतड्यात उतरलं रे उतरलं, की स्वादुपिंड पाचकरस सोडू लागतं. त्याला कळतं कसं? मज्जातंतूंमुळे, हे उत्तर १९०० च्या सुमारास जवळपास ठरल्यासारखंच होतं. रशियातले शरीरक्रियाशास्त्रज्ञ पावलॉव्ह यांचं तेच मत होतं, आणि त्यांचा दबदबाच तसा होता.

१६ जानेवारी १९०२. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात विल्यम बेलिस आणि त्यांचे मेहुणे अर्नेस्ट स्टार्लिंग यांनी भूल दिलेल्या कुत्र्याच्या लहान आतड्याचा एक वेढा बांधून वेगळा केला. त्याचे मज्जातंतू कापले, रक्तवाहिन्या तेवढ्या शाबूत ठेवल्या आणि आत सौम्य आम्ल सोडलं. तरीही स्वादुपिंडातून रस ठिबकू लागला! स्टार्लिंग यांनी लगोलग आतड्याचं अस्तर खरवडलं, वाळू आणि आम्ल घालून घोटलं, गाळलं आणि तो अर्क कुत्र्याच्या शिरेत टोचला. थोड्याच वेळात पुन्हा रस. म्हणजे निरोप रक्तातून जात होता. तो नेणारा पदार्थ सिक्रेटिन. पावलॉव्ह यांच्या प्रयोगशाळेतही हा प्रयोग झाला आणि त्यांनी निष्कर्ष मान्य केला. रक्तातून निरोप नेणाऱ्या अशा पदार्थांसाठी ‘हार्मोन’ हा शब्द स्टार्लिंग यांनी १९०५ मध्ये वापरला. हार्मोन म्हटलं की आपल्याला थायरॉइड नाहीतर वयात येणारी मुलं आठवतात. आतडं कुणाच्या डोक्यातही येत नाही.

सिक्रेटिनची शिस्त तर बघा. आम्ल आलं की ते सुटतं, त्याच्या सांगण्यावरून स्वादुपिंड बायकार्बोनेट पाठवतं, आम्ल निवतं. आणि आम्लच उरलं नाही की सिक्रेटिनही आपोआप थांबतं.

वरणभातावरच्या तुपाची दखल घेणारं हार्मोन वेगळं, कोलेसिस्टोकायनिन. ते पित्ताशय आकसवून पित्त बाहेर काढतं, जठराला दमाने घ्यायला लावतं, मेंदूला ‘पुरे’ म्हणून कळवतं. पित्ताशयात खडे असलेल्यांना तळकट जेवणानंतर उजव्या बरगडीखाली कळ येते, ती याच आकसण्यामुळे.

पण खरी कमाल साखरेची. ग्लुकोज शिरेतून दिलं तर जेवढं इन्शुलिन सुटतं, त्याहून कितीतरी जास्त ते तोंडाने घेतल्यावर सुटतं, कारण आतडं स्वादुपिंडाला वर्दी देतं. ही वर्दी देणाऱ्यांपैकी एक जीएलपी-१. रक्तात ते दोनेक मिनिटांत निम्मं होतं. औषध म्हणून वापरायचं तर टिकणार कसं? अमेरिकेच्या वाळवंटात गिला मॉन्स्टर नावाचा विषारी सरडा राहतो. त्याच्या विषात जीएलपी-१ चंच काम करणारा, पण चिवट पदार्थ सापडला. त्यावर बेतलेलं मधुमेहाचं इंजेक्शन २००५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.